लाखाला कमी

हॉस्पिटलात माझी बायको मला एकच गोष्ट विचारायची, "किती झाल्या?" सकाळी विचारायची, दुपारी पेज भरवताना विचारायची, सलाइन बदलायला बाई आली की तिलाही विचारायची. त्या बाईला वाटायचं, गोळ्यांचं चाललंय. ती सांगायची, "चार झाल्या आजी, अजून दोन आहेत." मग ही माझ्याकडे बघायची. मला ठाऊक होतं, ती वातींचं विचारतेय.

सात-आठ दिवस मी "गप पड" म्हणून वेळ मारून नेली. मी गोड बोलणारा माणूस नाही, कधीच नव्हतो. पण एका दुपारी तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर उरला नव्हता, तरी मला सोडवता येईना. परत तेच, किती झाल्या. मी घाबरलो आणि म्हणालो, "लाख झाल्या. पुऱ्या झाल्या. निज आता."

"मोजल्यात तुमी?"

"मोजल्या."

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग मनगट सोडलं, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मी मोजल्या नव्हत्या. डबे घरात कुठे ठेवलेत तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

नवस माझ्यासाठी होता. माझ्या पोटाचं ऑपरेशन निघालं तेव्हा डॉक्टरने कागदावर सही घेतली आणि सांगितलं, वय झालंय, काही सांगता येत नाही. ती तिथून उठली ती थेट विचुंब्याला, आमच्या गावात, तळ्यावरच्या महादेवापुढे जाऊन बोलली. माणूस घरी येऊ दे, लाख वाती लावीन. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, लाख वाती म्हणजे खरोखर एक लाख. कापूस पिंजायचा, बोटांना राख लावायची आणि एकेक वात वळायची. अशा मोजून जुड्या बांधायच्या. सगळ्या झाल्या की तुपात भिजवून त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढे लावायच्या. विकतच्या चालत नाहीत. दुसऱ्याने वळून दिलेल्याही चालत नाहीत, निदान तिला तरी चालत नव्हत्या.

मी घरी आलो आणि तिने सुरुवात केली. सव्वादोन वर्षं वळत होती. मी टीव्ही बघायचो, ती वळायची. मी झोपायचो, ती वळायची. मी म्हणायचो, महादेव काय मोजायला बसलाय? ती म्हणायची, "तो नाय मोजत. मी मोजतेय."

ती गेल्यावर वर्षभर घरात काही करायचं नव्हतं, म्हणून वातींचा विषय कोणी काढला नाही. मला बरं वाटलं. वर्षश्राद्ध झालं, श्रावण संपला, गणपती गेले, आणि सुनेने माळ्यावरून तीन डबे खाली काढले. मोठे पत्र्याचे, तेलाचे असतात तसले. म्हणाली, "बाबा, आईंचा नवस या वर्षी पुरा करून टाकू. त्रिपुरीला दोन महिने आहेत."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? पण त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. डबे उघडले की कळणार होतं, मी तिला शेवटचं बोललो ते खरं होतं की खोटं.

दसऱ्यानंतर मी पहिल्यांदा जुड्या मोजल्या, वाती नाही, नुसत्या जुड्या, थर न मोडता. पहिल्या डब्यात तीनशे दहा, दुसऱ्यात तीनशे वीस, तिसऱ्यात दोनशे शहाण्णव. तीन वेळा बेरीज केली. नऊशे सव्वीस.

आमच्या समोर एक वयनी राहते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझ्या बायकोची जन्माची मैत्रीण. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी गावात आल्या. या वयनीनेही पूर्वी लाख वाती केल्या होत्या, माझ्या बायकोने वळायला तिच्याकडूनच शिकून घेतलं. तिला मी आकडा सांगितला. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊजी, चौऱ्याहत्तर कमी हायत."

"कशा कमी?"

"जुडी एकशेआठाची. पन धरायची शंभर. वरच्या आठ चुकीमाकीच्या. जपाच्या माळेचं नाय का तसंच? मग लाखाला जुड्या किती? हजार. तुज्या हायत नऊशे सव्वीस."

मी पाचवी शिकलो, पण पाढे तिसापर्यंत पाठ आहेत, पावकी-दिडकीसकट. हिशेब मला डोक्यात करता येतो. नऊशे सव्वीस शंभर म्हणजे ब्याण्णव हजार सहाशे. सात हजार चारशे वाती कमी. मी मरणाऱ्या बाईला लाख सांगितले आणि सात हजार चारशे कमी होत्या. मी घरी येऊन पडवीत बसलो.

सून कामोठ्याला क्लासमध्ये गणित शिकवते. संध्याकाळी स्कूटरवरून आली, हेल्मेट काढलं आणि माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं? गोळी घेतली नाही का?"

मी सांगितलं, नऊशे सव्वीस निघाल्या. हजार पाहिजे होत्या.

ती पायरीवरच बसली. म्हणाली, "नऊशे सव्वीस? मग झाल्या की. आईंनी मला विचारलं होतं. लाखाला एकशेआठने भाग दिला तर किती. मी सांगितलं, आई, भाग जातच नाही. नऊशे पंचवीस जुड्या केल्यात तर नव्व्याण्णव हजार नऊशे होतात, शंभर उरतात. आणखी एक बांधलीत की एक लाख आठ. त्या म्हणाल्या, जास्त झालेल्या चालतील, कमी नको. म्हणजे त्यांना नऊशे सव्वीसच करायच्या होत्या."

"भाग का जात नाय?" मी विचारलं. मला वाटलं लाख एवढा मोठा आकडा, त्याला कशानेही भाग जायला पाहिजे.

तिने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि मला क्लासातल्या पोरासारखं समजावलं. लाख म्हणजे दहाला दहाने गुणत गेलं, एकूण पाच दहा. दहाच्या पोटात दोन आणि पाच, तिसरं कोणी नाही. म्हणून लाखाच्या पोटात पाच वेळा दोन आणि पाच वेळा पाच, बस. एकशेआठच्या पोटात दोन वेळा दोन आणि तीन वेळा तीन. तो तीन लाखात कुठेच शिरत नाही. लाख वस्तू तिघांत वाटल्या की प्रत्येकाला तेहतीस हजार तीनशे तेहतीस आणि एक उरते. दहा लाख घ्या, कोटी घ्या, शून्यं वाढवत न्या, एक उरतेच.

"आणि एकशेआठच्या पोटात नऊ आहेत. नवाने भाग जातो का ते बघायला भागाकार करायचा नसतो, बाबा. आकड्यांची बेरीज करायची. एक लाख आठ, एक आणि आठ नऊ. जातो. लाखाची बेरीज एक. जात नाही."

मला ते आवडलं. एवढा मोठा लाख आणि त्याची बेरीज एक.

दुसऱ्या दिवशी पनवेलच्या गुरुजींना फोन लावला. वयाने तरुण आहेत, पण बोलतात सरळ. त्यांना दोन्ही हिशेब सांगितले. ते म्हणाले, "आजोबा, ज्याने संकल्प केला त्याच्या मनात जो हिशेब होता तोच धरायचा. आजींच्या मनात नऊशे सव्वीस होत्या तर त्या बरोबर. फक्त प्रत्यक्ष वाती लाखाच्या खाली नसाव्यात. जास्त चालतात. आदल्या दिवशी तुपात भिजवून ठेवा."

वयनीला सांगितलं तर ती तिथेच फणकारली. "तुजी सून शिकलेली, गुरुजी शिकलेला. आमी अडानी. लावा नऊशे सव्वीस." पण संध्याकाळी तीच तुपाची बरणी घेऊन आली.

इथे मी थांबायला पाहिजे होतं. दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण तिने मला विचारलं होतं, मोजल्यात तुमी, आणि मी म्हणालो होतो, मोजल्या. जुड्या मोजणं म्हणजे वाती मोजणं नव्हे. आणि वाती एकदा तुपात भिजल्या की त्यांचा लगदा होतो. मग ब्रह्मदेवाला मोजता येणार नाहीत. जे काही करायचं ते आधीच.

मी पहिल्या डब्यातली एक जुडी सोडली. कापूस पिवळा पडला होता, पण वाती एकसारख्या, जणू एका साच्यातून काढलेल्या. ताट घेतलं, पाच-पाच करून मोजल्या. एकशेतीन.

परत मोजल्या. एकशेतीन.

दुसरी सोडली, एकशेतीन. तिसरी, एकशेतीन. त्या दिवशी मी चाळीस जुड्या सोडल्या आणि चाळीसही एकशेतीन. प्रत्येक जुडीत पाच कमी. नऊशे सव्वीस गुणिले एकशेतीन, पंच्याण्णव हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर. मी ते वहीच्या मागे लिहिलं आणि वही उशीखाली ठेवली, जसं काही कोणी बघेल. माझ्या मनात वाईट विचार आला तोही लिहितो. मला वाटलं, तिने कंटाळून लबाडी केली. सव्वादोन वर्षं वळून वळून बोटं दुखली असतील, पाच-पाच कमी बांधल्या असतील. आणि लगेच वाटलं, हिने माझ्या जिवासाठी केलं आणि मी हिला लबाड ठरवतोय.

दोन दिवस मी वही कोणाला दाखवली नाही. मुलगा ड्युटीवरून आला की विचारायचा, बाबा बरे आहात ना, मी म्हणायचो, बरा आहे. तिसऱ्या दिवशी सुनेने भाकरी वाढली, तशी मी ताट सरकवून तिला वही दाखवली.

तिने आकडे वरपासून खालपर्यंत बघितले. "सगळ्या एकशेतीन? एकही एकशेचार नाही? एकशेदोन नाही?"

"नाय."

"मग ही आईंची चूक नाही, बाबा. माणूस चुकतो तेव्हा कधी दोनने चुकतो, कधी सातने. चाळीस वेळा एकसारखं चुकत नाही. एकसारखी चूक मोजणाऱ्याची असते. तुमच्या मोजण्यात काहीतरी आहे."

"माज्या मोजन्यात?" मला राग आला. "मी आयुष्यभर मोजत आलोय."

तिने हेल्मेट उचललं. क्लासला उशीर होत होता. जाताना समोरच्या वयनीला सांगून गेली असणार, कारण वयनी पाठोपाठ आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मोज बघू माज्यासमोर. मोठ्यानं."

मी मोजायला लागलो. पाच वातींचा एक ढीग, असा एकामागून एक. वीस ढीग झाले, शंभर. मग पुढच्या पाच उचलल्या, बाजूला टाकल्या, आणि उरलेल्या मोजल्या, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन.

"थांब," वयनी म्हणाली. "त्या पाच कुटं गेल्या?"

"कुटल्या?"

"त्या. बाजूला टाकल्यास त्या. त्या मोजल्यासच नाय तू."

मी बघितलं. खरंच ताटाच्या कडेला पाच वाती पडल्या होत्या. मी टाकल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

समजावून सांगतो. आमची शेती होती तेव्हा भात झोडून झालं की पेंढा तबेलेवाल्यांना जायचा. टेम्पो यायचा, मी खळ्यात उभा राहून मोजून द्यायचो. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. वीस पाचुंदे म्हणजे शंभर. आणि शंभर भरले की एक पाचुंदा न मोजता वर टाकायचा. तो गिऱ्हाइकाचा हक्क, आमच्याकडे तशी रीत. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून हाताने हेच केलंय. शेतावर आता सात मजली बिल्डिंगा उभ्या आहेत, तबेला गेला, टेम्पोवाला मेला. हात मात्र अजून शंभर झाले की वरचे पाच टाकतोय.

वयनी हसायला लागली. दात नाहीत तिला, हसली की डोळे मिटतात. "अरे मेल्या, महादेवाला सूट दिलीस तू," म्हणाली. "चाळीस जुड्यांवर सूट दिलीस. आनि शिव्या तिला घातल्यास ना मनात?"

मी कडेच्या पाच वाती उचलून ताटात ठेवल्या. ती मला चांगली ओळखते.

त्या दिवसानंतर मी पाचाने मोजणं सोडलं. एकेक वात उचलायची, मोठ्याने आकडा म्हणायचा. वेळ दुप्पट लागायचा. सकाळी चहानंतर बसायचो ते जेवणापर्यंत, परत तीन वाजता ते दिवेलागणीपर्यंत. सुनेने क्लासातली एक कोरी वही दिली, तिच्यात जुडीचा नंबर आणि वातींचा आकडा. पहिला डबा, तीनशे दहा जुड्या, सगळ्या एकशेआठ. एकही चूक नाही. दुसरा डबा, तीनशे वीस, सगळ्या एकशेआठ. दिवाळी तोंडावर आली, मी फराळाचं ताट बाजूला ठेवून मोजत होतो. तिसरी शिकलेली बाई, सहाशे तीस वेळा एकशेआठ मोजते आणि एकदाही चुकत नाही. सुनेला म्हणालो, तुजा कंप्युटर पन येवडा सरळ चालत नसंल.

मग तिसरा डबा उघडला.

तिसऱ्या डब्यातल्या वरच्या जुड्या म्हणजे तिने सगळ्यांत शेवटी बांधलेल्या. पहिली उचलली तीच हलकी लागली. मोजली. शहाण्णव.

म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. वयनीला हाक मारली, तिने मोजली. शहाण्णव. दुसरी, एकशेएक. तिसरी, एकशेबारा. चौथी, नव्व्याण्णव. गाठीसुद्धा वेगळ्या. काही जुड्यांना दोन-दोन गाठी, काहींना दोरा नुसता गुंडाळलेला. वयनीने चार जुड्या हातात धरून बघितल्या आणि खाली ठेवल्या. त्या दिवशी ती लवकर घरी गेली.

सुनेचं बोलणं मला आठवत होतं, एकसारखी चूक मोजणाऱ्याची. ही एकसारखी नव्हती.

माझ्या बायकोच्या डोक्यात गाठ होती. हॉस्पिटलात नेलं त्याच आठवड्यात आम्हाला कळलं, फोटो काढल्यावर. डॉक्टरने विचारलं होतं, आधी काही लक्षात आलं का, विसरणं, चुकणं. मी म्हणालो, नाही, चांगली होती. मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं. आता डब्यातून एकेक जुडी निघत होती आणि मी खाली खाली जात होतो. एकशेचार. एकशेसात. एकशेदहा. एकशेदोन. वरच्या थरात एकही जुडी बरोबर नव्हती. मग सात-आठांत एखादी एकशेआठ सापडायला लागली. मग चारांत एक. मग निम्म्या. डबा रिकामा होत गेला तशी ती बरी होत गेली. शेवटी एकशे शहात्तर जुड्या काढल्यावर परत सगळ्या एकशेआठ लागल्या, गाठ एकच, ताठ, तळापर्यंत.

एकशे शहात्तर जुड्या. रोजची एक आणि एकादशीला, सोमवारी जास्त, असं धरलं तरी पाच महिने. हॉस्पिटलच्या आधी पाच महिने.

त्या पाच महिन्यांत मी काय केलं ते मला आता आठवायला लागलं. तिने बोंबलाच्या कालवणात दोनदा मीठ घातलं, मी ताटली ढकलली आणि म्हणालो, लक्ष कुटं हाय तुजं. एकदा ती वाती मोजत होती, तोंडाने पुटपुटत होती, मी मध्येच चहा मागितला. ती उठली, चहा करून आणला, परत बसली आणि जुडी सोडून पहिल्यापासून मोजायला लागली. मध्येच थांबली. परत पहिल्यापासून. असं तीन-चार वेळा झालं. मी टीव्हीचा आवाज वाढवला आणि म्हणालो, "येवडं साधं मोजता येत नाय तुला." तिने माझ्याकडे बघितलं नाही. जुडी बांधली आणि डब्यात टाकली. ती जुडी या एकशे शहात्तरांपैकी कुठली तरी असणार. कुठली ते मला कळायला मार्ग नाही.

वहीची बेरीज मी स्वतः केली नाही, सुनेला करायला दिली. ती दोनदा करून आली. "नव्व्याण्णव हजार सहाशे सत्त्याऐंशी."

मी सवयीने आकड्यांची बेरीज केली. नऊ, नऊ, सहा, आठ, सात. एकोणचाळीस. नवाने जात नाही.

"लाखाला किती कमी?"

"तीनशे तेरा."

म्हणजे मी खोटं बोललो होतो. सात हजारांनी नाही, साडेचार हजारांनी नाही, तीनशे तेराने. सुनेला वाटलं मला बरं वाटेल. म्हणाली, "एवढ्या मोठ्या आकड्यात हे काहीच नाही, बाबा. आणि आईंना वाटत होतं की पुऱ्या झाल्या. तुम्ही बोललात तेही त्यांच्याच मनातलं."

"मग विचारत का व्हती?" मी म्हणालो. "पुऱ्या झाल्या असं तिला वाटत व्हतं तर रोज विचारत का व्हती?"

सुनेने वही मिटली. उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मला आवडत नाही. बायकोला कळत होतं की आपलं मोजणं बिघडलंय. म्हणून ती ज्याचं मोजणं चांगलं त्याला विचारत होती.

वयनी म्हणाली, "वाटून घेऊ. तू, मी आनि ही पोर. दोन दिवसांत उडवू."

सुनेने लगेच मनात भाग दिला, तिला सवय आहे. "तिघांत नाही जात. एकशे चार प्रत्येकी आणि एक उरते." मग थांबून म्हणाली, "खरं तर कशानेच नाही जात. दोनने नाही, पाचने नाही, सातने नाही, अकरा, तेरा, सतरा, कशानेच. मूळ संख्या आहे ही."

"म्हंजे?"

"म्हणजे हिची वाटणी होत नाही. एकाने घ्यायची, नाहीतर तीनशे तेरा जणांनी एकेक."

"येक मी जादा करीन," वयनी म्हणाली. "त्यात काय येवडं?"

"नको," मी म्हणालो. "वाटणी होत नाय तर वाटायची कशाला. सगळ्या मीच करतो."

"तुला वळता येतात?"

"येतील."

आल्या नाहीत. वयनीने राख कुठे लावायची, कापूस किती घ्यायचा, अंगठा कसा फिरवायचा ते दाखवलं. माझ्या बोटांना विळ्याची सवय, कापूस त्यांना कळतच नाही. पहिल्या दिवशी नऊ वाती झाल्या, त्यांतल्या चार वयनीने मोडायला लावल्या. "ह्या वाती हायत का अळ्या?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी चौदा. त्रिपुरीला तेरा दिवस राहिले होते. मी रोज सकाळी भागाकार करायचो, उरलेल्या वाती भागिले उरलेले दिवस, आणि तो आकडा रोज वाढायचा. वीस होता, एकवीस झाला, बावीस झाला. रात्री उठून परत तोच भागाकार करायचो. मुलगा म्हणाला, बाबा, बीपी तपासून घ्या. मी म्हणालो, पौर्णिमेनंतर.

आठव्या दिवसानंतर हात बसला. दिवसाला पस्तीस-चाळीस व्हायला लागल्या. तिच्यासारख्या नाहीत, जाड्याभरड्या, पण वाती. त्रिपुरीच्या दोन दिवस आधी तीनशे तेरा पुऱ्या झाल्या असं वाटलं. मोजल्या, तीनशे तेरा. परत मोजल्या, तीनशे तेरा. मन मानेना म्हणून तिसऱ्यांदा मोजल्या. तीनशे बारा.

सून म्हणाली, दोनदा तेरा आल्या म्हणजे तेराच. मी तिचं ऐकलं नाही. आणखी एक वळली. जास्त चालतात, कमी नको.

आदल्या दिवशी मोठ्या परातीत तूप पातळ करून सगळ्या वाती भिजवल्या. तिच्या आणि माझ्या वेगळ्या ठेवू का, असं सुनेने विचारलं. मी म्हणालो, एकत्र टाक. तासाभरात सगळा एकच पिवळा गोळा झाला. ज्या एकशेआठच्या होत्या त्या कुठल्या, शहाण्णवची कुठली, माझी कुठली, काही कळेना. मला पहिल्यांदा जरा भूक लागली.

पौर्णिमेला दिवेलागणीला आम्ही महादेवाच्या देवळात गेलो. गुरुजींनी मला हातावरून पाणी सोडायला लावलं, तिचं नाव घ्यायला लावलं. मग विचारलं, "संख्या पूर्ण आहे ना आजोबा?"

"हाय."

"मोजली आहे?"

"मोजली."

जाळ उठला तेव्हा देवळातली माणसं दोन पावलं मागे सरकली. वयनीने डोळ्यांना पदर लावला, धुराने असेल. गुरुजी म्हणाले, आता आजींना मनातल्या मनात सांगा, तुमचा लाख पुरा झाला.

मी हात जोडले. तेच सांगायला मी गेलो होतो, महिनाभर त्याच्यासाठीच बसलो होतो. पण शब्द तोंडाशी आला आणि मी अडलो. हे मी तिला आधीच सांगितलं होतं. तिने मोजल्यात का म्हणून विचारलं होतं, मी मोजल्या म्हणालो होतो, आणि ते ऐकून ती झोपली होती. आता परत सांगितलं असतं तर आधीचं खोटं होतं हे तिला कळलं असतं.

म्हणून मी काही सांगितलं नाही. जाळ खाली बसेपर्यंत उभा राहिलो, मग सून म्हणाली, "चला बाबा, पाय दुखतील," आणि आम्ही घरी आलो.